दुसरी कढई

धुरपदाबाईला कुणी घरादाराचं विचारलं, तर ती शेतीचं सांगायची नाही, दोन म्हशींचं सांगायची नाही, दोन्ही पोरी चांगल्या घरी पडल्या हेही नाही. ती म्हणायची, "आमचा खवा लागत न्हाय." आणि पदर खोचून कामाला लागायची.

आता खवा लागणं म्हणजे काय, हे दुकानातून कागदात बांधून आणणाऱ्या माणसाला कळायचं नाही. वाशी तालुक्यातल्या त्या गावात निम्म्या घरांच्या मागं भट्टी. जाळावर कढई, कढईत दूध, आणि एक माणूस लांब दांड्याचं उलथनं घेऊन तासभर ते दूध फिरवत उभा. पाठ भरून येवो, नाकावर माशी बसो, हात थांबवायचा नाही. दूध आटत आलं की ते फार तर शंभर आकडे मोजेपर्यंत दम धरतं. तेवढ्यात हात थांबला की बुडाला लागतं आणि सगळी कढई धुरकट. मग तो खवा कुत्रंसुद्धा हुंगून बाजूला होतं.

गावात धनाजी म्हणून एक भट्टीवाला होता. अकरा वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत त्याची एक कढई लागली. एकच हं. त्या दिवसापासून तो करपे धनाजी झाला. मधल्या काळात त्यानं घर बांधलं, पोराला नोकरी लागली, एकदा ग्रामपंचायतीत निवडूनही आला, पण नाव करपे धनाजीच. लोकांची जीभ अशी असते बघा, चांगलं धरत नाही आणि वाईट सोडत नाही.

आणि धुरपदाबाईच्या मालकाची, बलभीमची, एकोणचाळीस वर्षांत एकही कढई लागली नव्हती.

धुरपदाबाईचं माहेर तेर. सोळाव्या वर्षी इथं आली तेव्हा तिला खवा खायचा माहीत होता, करायचा नाही. सासूनं तिला जाळापुढं बसवलं. तेव्हापासून जाळ तिचा आणि हात बलभीमचा. बोलायची गरजच पडत नसे. बलभीमनं हनुवटी जरा वर केली की ती लाकूड मागं ओढायची, खाली केली की आत सारायची. संसारात दोघांची भांडणं रग्गड झाली. बलभीमच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि हिच्या मनाला किल्ली नव्हती. पण भट्टीपुढं कधी वाकडा शब्द नाही. त्याचा उजवा हात उलथनं धरून धरून मनगटाशी एवढा भरलेला, की हातातलं कडं निघत नसे. जावयानं चेष्टा केली की तो म्हणायचा, "ह्या एका हाताव दोन पोरींची लग्नं लावली, पाव्हणं."

माघ महिन्यातली गोष्ट. म्हशींच्या चाऱ्याचं कडवळ कापायला येणारी बाई पाहुणी गेली होती. म्हशी रेकायला लागल्या. धुरपदाबाईनं सकाळी सहाला भट्टी पेटवून दिली आणि विळा घेतला.

"तू जा. जाळ बी म्याच बघतो आज," बलभीम म्हणाला. "न्हाय तर त्या म्हशी मलाच खात्याल."

ती गेली. परत आली तेव्हा कळंबची एसटी नुकतीच फाट्यावरून गेली होती, म्हणजे साडेआठ होऊन गेले होते. डोक्यावर भारा. घर अजून चार पावलं लांब होतं आणि तिच्या नाकाला वास लागला. ती जागीच थांबली. पहिल्यांदा तिच्या मनात काय आलं, तर हा वास धनाजीच्या घरचा असणार. नंतर या गोष्टीचं तिचं तिलाच वाईट वाटलं, पण आलं ते आलं.

बलभीम भट्टीशेजारी भिंतीला टेकून घसरला होता. डोळे उघडे. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, आपला नसल्यासारखा. उलथनं कढईत उभं आणि कढईतून काळा धूर.

"अवं! काय झालं? अवं बोला की!"

"ब... ब..." तो म्हणाला. पुढं काही नाही.

बाई हाडापेराची. काखेत हात घालून तिनं त्याला ओढत मागच्या ओसरीवर नेलं, बाजेवर टाकलं. पाणी पाजलं, ते ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं. जाळापुढं उभं राहून उष्णता झाली असंल, तिनं ठरवलं. भोवळ आली असंल. पडू दे जरा, येतील भानावर.

आणि मग तिनं जे केलं ते तिच्या जागी त्या गावातल्या दहापैकी आठ बायांनी केलं असतं. ती परड्यात गेली आणि कढई उतरवली.

गुरुसिद्धप्पा यायचा होता. गुरुसिद्धप्पा म्हणजे पेढेवाला. बावीस वर्षं त्याच्या दुकानात बलभीमचाच खवा. रोज दहाच्या सुमाराला त्याचा पिकअप दारात लागायचा. त्याच्या नाकाला हा वास जायला नको, एवढं एकच तिच्या डोक्यात. करपलेला गोळा तिनं उकिरड्यात पुरला, वर राख टाकली. मग विटकरीचा तुकडा आणि राख घेऊन कढई घासायला बसली. बूड काळं ठिक्कर. घासता घासता ती मधूनच ओसरीकडं बघायची. तो पडलेला दिसायचा. "उठताल आता," ती म्हणायची आणि परत घासायची. कढई चकचकीत झाली तेव्हा अर्धा तास गेला होता.

तो काही उठला नाही. तेव्हा मात्र तिनं शेजारच्या सारजाबाईला हाक मारली.

सारजाबाईनं दारातूनच तोंडावर हात ठेवला. "अगं बया! अंगावरून वारं गेलं की गं हेंच्या!"

वारं म्हटल्यावर पुढचं सगळं ठरलेलंच. दोघींनी त्याला उचलून आत घेतलं, दारं लावली, खिडकीला पोतं लावलं, घोंगडं पांघरलं, तीळतेल कोमट करून उजव्या अंगाला चोळायला घेतलं. वारा लागू द्यायचा नाही. सारजाबाईनं औषध देणाऱ्या बाबाचं गावही सांगितलं. "बुधवारी देतो. उद्या बुधवारच हाय, नशीब तुजं." दोघी घाम गाळून चोळत होत्या. माया होती हो, कमी नव्हती. पण दुखणं होतं डोक्यात आणि तेल चाललं होतं हाताला.

पावणेदहाला पिकअप आला. गुरुसिद्धप्पा जाड माणूस, बोलणं कमी. दार ढकलून आत आला, घोंगडं बाजूला केलं, बलभीमचे दोन्ही हात वर धरले आणि सोडले. डावा राहिला. उजवा पडला.

"कोण म्हणलं वारं? माझ्या थोरल्या भावाला सोलापुरात हेच झालतं. आमी चोळत बसलो दोन दिवस. आता सहा वर्षं झाली, बाजेवर हाय. डोक्यात रक्त अडकतंय, वहिनी. वेळेत गेलं तर इंजक्शन असतंय. चला, उचला."

उचलता उचलता सवयीनं त्यानं विचारलं, "आज किती कढया झाल्या?"

आणि सवयीनंच तिनं उत्तर दिलं. "एकच, घरच्या दुधाची. दुसरीचं दूध घिऊन दूधवाला शिवलिंग आलाच न्हाय आज."

त्या क्षणी त्याला खव्याचं काही पडलं नव्हतं आणि तिलाही नव्हतं. पण एकोणचाळीस वर्षांची राखण अशी एका मिनिटात सुटत नाही.

पिकअप निघाला. तेरखेडा गेलं, येरमाळा गेलं. तिनं चालत्या गाडीतून डोंगरावरच्या येडाईला हात जोडले. बलभीमचं डोकं तिच्या मांडीवर. तो तिच्याकडं बघत होता आणि सारखा तोच एक "ब". धाराशिवच्या दवाखान्यात पोचायला अकरा वाजून दहा मिनिटं झाली. गुरुसिद्धप्पानं वाटेतून फोन केला होता, त्यामुळं स्ट्रेचर दारातच होतं.

डॉक्टरीण तरुण होती, शिवप्रिया नावाची. डोक्याचा फोटो काढला, तपासण्या झाल्या आणि ती लगालगा बाहेर आली.

"मावशी, नीट ऐका. मेंदूत रक्तस्राव नाही, हे चांगलं. एका रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. ठिबकची नळी कचऱ्यानं तुंबली की पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसं झालंय. पुढचा मेंदू उपाशी आहे. काही भाग मेलाय, बाकीचा अजून जिवंत आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, म्हणजे रक्त परत वाहील. पण ते साडेचार तासांच्या आतच. उशिरा दिलं तर मेंदूतच रक्त फुटायची भीती जास्त. म्हणून मला सांगा, हे धडधाकट असताना शेवटचं कुणी पाहिलं? किती वाजता?"

"म्या. सहाला. मग म्या कडवळाला गेले."

डॉक्टरणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अकरा पस्तीस. "मग साडेदहालाच वेळ संपली. सहानंतर त्यांना कुणीच पाहिलं नाही?"

गुरुसिद्धप्पा म्हणाला, "दूधवाला येतो रोज, मॅडम. पण आज आलाच न्हाय म्हणं. व्हय ना वहिनी?"

धुरपदाबाईनं त्याच्याकडं बघितलं. हा इथं नसता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो तिथंच उभा होता, बावीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, घामाघूम झालेला, शर्टावर बलभीमची लाळ. जीव मोठा का नाव मोठं, हे कट्ट्यावर बसून विचारलं तर शेंबडं पोरही सांगेल. तिथं उभं राहून सांगायला जीभ जड होते. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा तिला संताप आला.

"येळ न्हाय, मावशी," डॉक्टरीण आता तिच्याच बोलीत म्हणाली.

"आप्पा, म्या खोटं बोलले," धुरपदाबाई म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की बाकावरची माणसं वळली. "शिवलिंग आलता. दुसरी कढई चढली हुती. ती लागली. खवा लागला आमचा. म्या उकिरड्यात पुरला."

गुरुसिद्धप्पानं खिशातला फोन बाहेर काढला.

"म्हणजे दूधवाल्यानं त्यांना पाहिलं असेल?" डॉक्टरणीनं विचारलं. "नंबर आहे?"

नंबर गुरुसिद्धप्पाकडं होता. फोन मोठ्या आवाजावर लावला. शिवलिंग कुठल्या तरी वाडीवर होता, मागं कुत्री भुंकत होती.

"आलतो की! दूध बलभीमअण्णांनीच उतरून घेतलं. का, काय झालं?"

"किती वाजले होते? नक्की सांगा," डॉक्टरीण म्हणाली.

"आठला धा कमी. मला आठच्या आत डेरीवर माप घालावं लागतंय, म्हणून म्या तिथं घड्याळ बघूनच किक मारतो."

"ते नीट बोलत होते? दोन्ही हात चालत होते?"

"नीट? दोनी हातांनी क्यान उचलून माझ्या नाकाला लावला, अन् म्हणले, वास येतोय, घासायला काय तुझा सासरा येणार काय. वर आणि दोन शिव्या. लई नीट बोलत हुते, मॅडम."

डॉक्टरीण क्षणभर हसली. मग बोटांवर वेळ मोजली. सात पन्नास, म्हणजे बारा वीसपर्यंत. तिनं धोका परत समजावून सांगितला, शंभरात पाच-सहा जणांना उलटतंही म्हणाली, आणि कागद पुढं केला. धुरपदाबाई तिसरी शिकलेली. तिनं नाव लिहिलं तेव्हा अक्षरं ओळ सोडून खाली गेली. बारा वाजून दोन मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं.

बाहेर बाकावर दोघं बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडलेली.

"बावीस वर्षं तुमी इस्वासानं नेला," ती म्हणाली. "अन् म्या तुमच्या तोंडाव खोटं बोलले."

गुरुसिद्धप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "वहिनी, माझ्या दुकानात पेढ्याची कढई वर्षातून दोनदा तरी लागती. म्या काय पाटी लावतो काय दुकानावर?"

तिला रडू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. त्यानं टोपी परत घातली आणि दुसरीकडं बघत बसला.

दोनच्या सुमाराला तिला आत बोलावलं. बलभीमच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. एक बोट, मग दुसरं. डॉक्टरणीनं त्याच्या हातात आपली दोन बोटं दिली आणि म्हणाली, दाबा. त्यानं दाबली. "आई गं," डॉक्टरीण म्हणाली, "केवढा जोर!"

हात आला. पाय जरा फरपटत, पण आला. वाचा मात्र पुरती आली नाही. शब्द त्याला माहीत असायचे, सापडायचे नाहीत. पाणी म्हणायचं असलं तर म्हैस म्हणायचा, आणि चुकलं हे कळून चिडायचा. दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी धुरपदाबाईनं डॉक्टरणीला विचारलं, बोलणं का नाही आलं?

"मावशी, रक्त अडलं की मिनिटाला लाखो पेशी मरतात. आपण मिळाली ती वेळ वापरली. अर्धा-पाऊण तास आधी आला असता, तर कदाचित बोलणंही आलं असतं. कदाचित हं. पण तुम्ही खरं सांगितलंत म्हणून एवढं तरी वाचलं. सगळे नाही सांगत."

डॉक्टरीण कौतुकानं बोलली. धुरपदाबाईनं मान हलवली आणि खाली बघितलं. अर्धा तास कुठं गेला हे तिला माहीत होतं. ती विटकरीचा तुकडा घेऊन बसली होती तिथं गेला.

गावात आल्यावर माणसं भेटायला यायची. ती सगळ्यांना सांगायची, कढई लागली म्हणून दूधवाल्याची आठवण झाली आणि वेळ कळली. लागली हे आता ती मोठ्यानं सांगायची. कुणाला वारं गेल्यासारखं दिसलं तर चोळत बसू नका, तोंड वाकडं दिसलं की घड्याळ बघा आणि गाडी काढा, असं सारजाबाईलाही तिनं दहा वेळा बजावलं. करपे धनाजी येऊन तासभर बसला आणि एक शब्दही चेष्टेचा बोलला नाही. पण घासण्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही. पोरींनाही नाही. बलभीम एखाद्या शब्दासाठी धडपडायला लागला, कपाळाच्या शिरा फुगवायला लागला, की ती उठून आत जायची. तिच्यानं ते बघवायचं नाही.

चैत्र लागला. भट्टी परत सुरू झाली होती, कमी दुधाची. आता उलथनं तिच्या हातात आणि जाळापुढं पाटावर तो. डॉक्टरणीनं परवानगी दिली होती, फार धग घ्यायची नाही म्हणून. ती हनुवटी वर करायची, तो लाकूड ओढायचा. एक दिवस दुपारी कढई उतरवून दोघं बसली होती. तो कागदावरची चित्रं बघून नावं म्हणायचा सराव करत होता. विहिरीच्या चित्रावर अडला. वि, वि, आणि पुढं नाही. तीन वेळा झालं. चौथ्या वेळेला त्यानं कागद फेकला आणि डोळे पुसले.

तिला धीर धरवला नाही.

"अवं, माजं ऐका. त्या दिवशी तुमी पडला हुता, तवा म्या तुमाला बाजेवर टाकलं अन् कढई घासत बसले. अर्धा तास. तुमी तिथं तोंड वाकडं करून पडलेला, अन् म्या कढई घासत हुते. आप्पाला वास येऊ नये म्हणून. तेवढ्यात नेलं असतं तर तुमाला बोलता आलं असतं. डाक्टरीण म्हणली तसं. म्या खाल्लं तुमचं बोलणं."

तिनं पदर तोंडाला लावला. तो शिव्या देईल, पाठ फिरवेल, काहीही करील, तिची तयारी होती. बलभीम पाटावरच तिच्याकडं वळला. मग त्याचे ओठ हलायला लागले. शब्द शोधत होता. तिनं घाई केली नाही, आत उठून गेली नाही.

"नि... निघालं?" तो म्हणाला.

"काय?"

त्यानं उजवा हात उचलला आणि कढईचं बूड घासावं तसा हवेत गोल फिरवला. "निघालं का... समदं?"

"निघालं," ती म्हणाली.

"मग... बरं," बलभीम म्हणाला.